एका गायीमुळे बंद झालेली सीमा : पशुखाद्याचे नियम आणि बीफची निर्यात

बर्फाळवाट

२० मे २००३ रोजी कॅनडा सरकारनं जाहीर केलं, की उत्तर अल्बर्टातल्या वानहॅम गावाजवळच्या एका गायीला बीएसई झाला होता. लोक ज्याला 'मॅड काऊ' म्हणतात तोच हा आजार. अमेरिकेनं त्याच दिवशी सीमा बंद केली, पाठोपाठ जपान, कोरिया आणि इतर देशांनीही. जनावर एकच होतं. ते जानेवारीतच कापलं गेलं होतं आणि तपासनिसानं आजारी म्हणून बाद केल्यामुळे त्याचं मांस कुणाच्या ताटात गेलंच नव्हतं. डोकं तपासणीसाठी पाठवलेलं होतं, ते प्रयोगशाळेत नंबर लागेपर्यंत मे उजाडला. तेवढ्यावर एका देशाचा निर्यातीचा धंदा एका दुपारी थांबला.

मी लेथब्रिजच्या परिसरात पशुखाद्याच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते. या भागात हजारो जनावरांचे फीडलॉट आहेत, म्हणजे कापण्याआधी जनावरांना खाऊ घालून वजन वाढवायचे मोठे गोठे. मराठीत या विषयावर जे वाचायला मिळतं ते एक तर आजाराच्या भीतीबद्दल असतं, नाही तर गोमांसाच्या वादाबद्दल. मला तिसरी बाजू मांडायची आहे. मांसाचा परदेशी बाजार टिकतो की जातो हे बऱ्याच अंशी खाद्याच्या कारखान्यात ठरतं. आणि खाद्याच्या नियमात ठेवलेल्या सवलतींची किंमत शेवटी तो शेतकरी मोजतो, ज्यानं त्या सवलतीचा कधी फायदाच घेतलेला नसतो.

थोडं मागे जाते. बीएसई पहिल्यांदा ओळखला गेला ब्रिटनमध्ये, १९८६ साली. कत्तलखान्यात उरलेली हाडं, आतडी, मेंदू वितळवून त्याची भुकटी करायची आणि स्वस्त प्रथिन म्हणून गायींच्याच खाद्यात मिसळायची, अशी तिथली पद्धत होती. आजार पसरवणारं प्रिऑन नावाचं प्रथिन शिजवून मरत नाही, कारण ते जिवंतच नसतं. वासरू लहानपणी ते खातं आणि चार-पाच वर्षांनी गाय लडखडायला लागते. १९८८ च्या जुलैत ब्रिटननं रवंथ करणाऱ्या जनावरांना असं खाद्य देण्यावर बंदी घातली. तरीही बंदीनंतर जन्मलेल्या चाळीस हजारांहून जास्त गायी आजारी पडल्या! कारण डुकरं-कोंबड्यांच्या खाद्यात तीच भुकटी चालू होती, कारखाना तोच, मिक्सर तोच, ट्रक तोच. पुढे प्रयोगात दिसलं, की बाधित मेंदूचा एक मिलिग्रॅमसुद्धा वासराला आजारी करू शकतो. मिक्सरच्या कोपऱ्यात चिकटून राहतो तो थर याहून कितीतरी मोठा असतो.

कॅनडा आणि अमेरिकेनं १९९७ च्या ऑगस्टमध्ये बंदी आणली, पण ब्रिटनच्या पहिल्या चुकीची वाट तशीच उघडी ठेवून. सस्तन प्राण्यांचं प्रथिन गायीला द्यायचं नाही, पण डुकराला आणि कोंबडीला चालेल. अमेरिकेच्या नियमात गायीचं रक्तही गायीला चालायचं, हॉटेलात ताटात उरलेलं मांसही, आणि कोंबड्यांच्या शेडमधला विष्ठा-भुसाही, ज्यात सांडलेलं कोंबडीखाद्य असतंच. कत्तलखान्यातलं उरलेलं वितळवून भुकटी करणाऱ्या रेंडरिंगवाल्यांना माल खपवायला जागा हवी होती. त्या वेळी कुणी हिशेब मांडला असता, की ही सवलत टनामागे किती डॉलर वाचवते आणि सीमा बंद झाली तर जनावरामागे किती जातात, तर चर्चा तिथेच संपली असती.

२००३ च्या आधी कॅनडा आपल्या उत्पादनातला निम्म्याच्या आसपास हिस्सा बाहेर विकत होता, त्यातला बहुतेक अमेरिकेला. सप्टेंबर २००३ मध्ये तीस महिन्यांच्या आतल्या जनावरांचं बिनहाडाचं मांस पुन्हा जायला लागलं. जिवंत जनावरं जुलै २००५ पर्यंत अडकली, कारण अमेरिकेतल्या मोंटानाच्या न्यायालयानं मध्येच स्थगिती दिली होती. वय झालेल्या गायींना सीमा उघडली नोव्हेंबर २००७ ला. साडेचार वर्षं! या काळात म्हाताऱ्या गायीला लिलावात वाहतुकीचा खर्च निघेल एवढाही भाव मिळाला नाही, अशा हकिगती इथले जुने लोक अजून सांगतात. देशातले मोठे कत्तलखाने मात्र दोन-चारच, त्यांना स्वस्त जनावर मिळत होतं आणि मांसाचा भाव त्या प्रमाणात उतरला नव्हता. गाय पाळणाऱ्याच्या वाट्याला तोटा आला आणि कापणाऱ्याच्या वाट्याला नफा, हे मला आजही खुपतं.

कासेगावकर

ताई, लेख वाचून अंगावर काटा आला. माझ्या गोठ्यात बारा म्हशी आणि चार गाई आहेत. गोळी पेंडीचं पोतं मी डोळे झाकून घेतो. तुमच्याकडे कारखान्यात हे मिसळणं नक्की थांबवतात कसं, ते जरा सविस्तर सांगाल का? नियम सगळेच वाचतात, हात कसे चालतात ते कळायला हवं.

बर्फाळवाट

दादा, सांगते. आमच्या कारखान्यात आता हाडामांसाची भुकटी येतच नाही, मालकांनी ती कायमची बंद केली. पण जिथे डुकरांचं आणि गाईंचं खाद्य एकाच यंत्रावर होतं तिथे क्रम ठरलेला असतो. भुकटीचं खाद्य झालं, की लगेच गाईचा घाणा टाकता येत नाही. मध्ये दळलेला मका किंवा बार्ली सगळ्या यंत्रातून फिरवायची. लिफ्टच्या तळाशी, मिक्सरच्या पात्यांखाली, गोळी पाडणाऱ्या डायमध्ये जे अडकलेलं असतं ते त्या दळणाबरोबर बाहेर येतं. ते दळण वेगळ्या डब्यात, वर ठळक खूण करून, आणि ते पुढे डुकराच्याच खाद्यात जातं. हे सगळं त्या दिवशीच्या कागदावर येतं : किती किलो फिरवलं, कुणी फिरवलं, कुठे ठेवलं.

ट्रकचं तसंच. चालकाच्या चिठ्ठीवर आधीच्या फेरीत काय नेलं होतं ते लिहिलेलं असतं. मी ती चिठ्ठी पाहिल्याशिवाय हौदाचं झाकण उघडू देत नाही. एकदा एका भाड्याच्या ट्रकची चिठ्ठी कोरी होती, चालक म्हणत होता गहू होता, आणि झाकणाच्या रबराला तपकिरी पीठ चिकटलेलं. ट्रक परत पाठवला. फीडलॉटवाला फोनवर ओरडला, कारण त्याच्या जनावरांचा संध्याकाळचा चारा अडला. दुसऱ्या दिवशी त्यानंच सांगितलं, की असंच करत जा.

बंदी असलेला माल ज्या खाद्यात आहे त्याच्या पोत्यावर छापावंच लागतं, की हे गाय, मेंढी, हरीण अशा रवंथ करणाऱ्यांना देणं गुन्हा आहे. आणि कागद दहा वर्षं जपायचे. दहा वर्षं अशासाठी, की आजार दिसतो तेव्हा वासरूपणीचं खाद्य शोधावं लागतं.

१२ जुलै २००७ पासून कॅनडानं आणखी पुढचं पाऊल टाकलं. तीस महिन्यांवरच्या गुरांची कवटी, मेंदू, डोळे, मज्जारज्जू आणि सगळ्याच वयाच्या गुरांच्या लहान आतड्याचा शेवटचा भाग असे धोक्याचे अवयव आता कोणत्याच जनावराच्या खाद्यात जात नाहीत, कुत्र्या-मांजरांच्या नाही आणि खतातही नाही. कत्तलखान्यात त्यावर रंग ओततात, आणि हलवायला परवाना लागतो.

ओसाकाहून

छान धागा. जपानची बाजू सांगतो, कारण सगळे म्हणतात जपाननं अमेरिकेला उगाच छळलं.

इथे पहिली गाय सापडली सप्टेंबर २००१ ला, चिबा प्रांतात. त्याआधी १९९६ मध्ये सरकारनं हाडाची भुकटी गाईला देऊ नका असं सांगितलं होतं, पण ती सूचना होती, कायदा नव्हता. सूचनेचं काय झालं ते पाच वर्षांनी कळलं. लोकांचा सरकारवरचा विश्वास इतका उडाला, की ऑक्टोबर २००१ पासून कापल्या जाणाऱ्या प्रत्येक जनावराची तपासणी सुरू झाली. प्रत्येक, म्हणजे अगदी कोवळ्यांचीही. शास्त्रज्ञ सांगत होते, की कोवळ्या जनावरात हा आजार तपासणीत दिसतच नाही. पण गिऱ्हाईकाला ते ऐकायचं नव्हतं.

आजही इथल्या दुकानात देशी बीफच्या पाकिटावर दहा आकडी क्रमांक असतो. माझी सहकारी तो मोबाइलवर टाकून बघते : गाय कधी जन्मली, कुठल्या प्रांतात वाढली, कुठे कापली. अशा बाजारात डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात बीएसई झालेली गाय सापडल्याची बातमी आली. अमेरिकेच्या बीफवर बंदी येणारच होती.

डिसेंबर २००५ मध्ये वीस महिन्यांच्या आतल्या जनावरांपुरतं दार उघडलं. महिन्याभरात नारिता विमानतळावर आलेल्या एका खेपेत पाठीच्या कण्याचा भाग निघाला, जो असायलाच नको होता. दार पुन्हा बंद, ते जुलै २००६ पर्यंत. मग २०१३ ला वयाची अट तीस महिन्यांवर गेली आणि २०१९ ला उठली. म्हणजे पूर्ण मोकळा बाजार मिळायला पंधरा वर्षांच्या वर गेली.

प्रश्नचिन्ह

माहिती उत्तम आहे, पण एक खटकतं. बर्फाळवाट यांनी अमेरिकेच्या सवलती सांगितल्या. त्या नंतर बंद झाल्या का? आणि झाल्या नसतील, तर अमेरिकेला बाजार परत कसा मिळाला? मग हे सगळं राजकारणच म्हणायचं, खाद्याचा संबंध कुठे राहिला?

बर्फाळवाट

बरोबर जागी बोट ठेवलंत. जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं, जाहीर केलं होतं, की रक्त, कोंबड्यांच्या शेडमधला भुसा, ताटातलं उरलेलं, हे सगळं बंद करणार. एप्रिल २००८ मध्ये अंतिम नियम आला त्यात ते नव्हतं. त्याऐवजी तीस महिन्यांवरच्या जनावरांचा मेंदू आणि मज्जारज्जू सगळ्याच पशुखाद्यातून काढले. त्यांचं म्हणणं, की बाधा होण्याचा नव्वद टक्के धोका तिथेच असतो. हा युक्तिवाद चुकीचा नाही, पण कॅनडाचा नियम याहून कडक आहे आणि इथल्या कत्तलखान्यांना ते अवयव नष्ट करायचा खर्च जास्त येतो. सीमेपलीकडचा प्रतिस्पर्धी स्वस्तात सुटतो, ही इथली जुनी तक्रार. तरी जागतिक पशुआरोग्य संघटनेनं अमेरिकेला 'नगण्य धोका' हा दर्जा २०१३ मध्ये दिला आणि कॅनडाला २०२१ मध्ये. दर्जा ठरवताना शेवटच्या बाधित जनावराच्या जन्माला किती वर्षं झाली हे मोजतात. इथे २०१५ मध्ये सापडलेली गाय २००९ मध्ये जन्मलेली होती, कडक नियम आल्यानंतर. त्या एका गायीनं घड्याळ पुन्हा मागे नेलं. म्हणून मी म्हणते, खाद्याचा संबंध आहे आणि घट्ट आहे.

राजकारणही आहे, नाही कशाला म्हणू? कान्सासमधली क्रीकस्टोन फार्म्स ही कंपनी स्वतःच्या खर्चानं प्रत्येक जनावर तपासून जपानला मांस पाठवायला तयार होती. अमेरिकेच्या कृषी खात्यानं परवानगी नाकारली, आणि २००८ मध्ये अपील न्यायालयानं खात्याची बाजू उचलून धरली. एकानं तपासलं तर गिऱ्हाईक सगळ्यांकडे मागेल, ही मोठ्या कंपन्यांची धास्ती होती. शास्त्राच्या दृष्टीनं ती तपासणी फारशी कामाची नव्हती, हे ओसाकाहून यांनी सांगितलंच. पण विकणारा तयार, घेणारा तयार, आणि मध्ये सरकार नाही म्हणतंय, हे मला पटत नाही.

रेवाकाठ

मी शाकाहारी आहे आणि या धाग्यावर लिहावं की नाही याचा विचार करत होते. मला एवढंच म्हणायचं आहे, की गवत खाणाऱ्या जनावराला त्याच्याच जातीचं मांस खाऊ घालणं मुळातच वाईट आहे. आजार झाला नसता तरी ते वाईटच होतं. निर्यात, डॉलर, बाजार हे सगळं नंतरचं. ब्रिटनमध्ये माणसं मेली हो, तरुण मुलं मेली.

मेलबर्नवासी

रेवाकाठ, तुमच्याशी सहमत. मी नव्वदच्या दशकात लंडनला शिकत होते. मार्च १९९६ मध्ये आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांनी संसदेत सांगितलं, की माणसांतला नवा आजार बहुधा गायींकडून आलेला आहे. त्याआधी वर्षानुवर्षं सरकार बीफ सुरक्षित असल्याचंच सांगत होतं. आठवड्याभरात युरोपनं ब्रिटनच्या बीफची निर्यात जगभरासाठी बंद केली. ब्रिटनमध्ये या आजारानं १७८ माणसं गेली. चाळीस लाखांवर गुरं मारून नष्ट केली.

त्याचा माग किती लांब जातो बघा. ब्रिटनमध्ये १९८० ते १९९६ या काळात सहा महिने राहिलेल्यांना ऑस्ट्रेलियात रक्तदान करता येत नव्हतं. मी इथल्या रक्तपेढीत दोनदा परत पाठवली गेले, मी तर बीफ खातही नव्हते. ती अट २०२२ मध्ये उठली. पशुखाद्याचा एक निर्णय, आणि तीस-पस्तीस वर्षांनी दुसऱ्या खंडात रक्ताची पिशवी नाकारली जाते.

बर्फाळवाट

रेवाकाठ, लिहिलंत ते बरं केलंत. माझं मतही तेच आहे आणि म्हणूनच आमच्याकडे भुकटी बंद झाली तेव्हा मला समाधान वाटलं. पण बाजाराचा मुद्दा मी मुद्दाम धरून ठेवते. नैतिक मुद्द्यानं १९९७ ला नियम पूर्ण झाला नाही, सीमा बंद झाल्यावर तो २००७ ला झाला. जनावराला जे मिळालं ते त्या दबावातून मिळालं.

दबावाची उलटी बाजूही आहे. अल्बर्टाचे तेव्हाचे प्रीमियर (आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखे) राल्फ क्लाइन जाहीरपणे म्हणाले होते, की स्वाभिमानी पशुपालकानं अशी गाय गोळी घालून पुरली असती आणि तोंड बंद ठेवलं असतं. एका गायीपायी सगळ्यांचा बाजार जाणार असेल, तर कळवणाऱ्याला शिक्षा आणि लपवणाऱ्याला बक्षीस असं होतं. म्हणून आजारी जनावर कळवणाऱ्याला पूर्ण भरपाई मिळायलाच हवी.

गोठाडॉक्टर

मी पशुवैद्यक आहे, नोकरी मराठवाड्यात. भारताबद्दल दोन शब्द, कारण धाग्यात ते यायला हवं.

आपल्याकडून गाईच्या मांसाची निर्यात होत नाही, कायद्यानं बंदच आहे. जातं ते म्हशीचं, बिनहाडाचं. व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त, इराक अशा ठिकाणी. आपल्याला श्रीमंत बाजार बंद आहेत ते मुख्यतः लाळ्या-खुरकुतामुळे, बीएसईमुळे नाही. बीएसईच्या बाबतीत आपल्याला 'नगण्य धोका' हा दर्जा आहे. त्याचं श्रेय आपल्या शेतकऱ्याच्या सवयीला : सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, चुणी, कळणा, कडबा. कागदावरही नियम आहे. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमानुसार दुधाच्या आणि मांसाच्या जनावरांना गाई-म्हशीच्या किंवा डुकराच्या मांसाची, हाडाची, रक्ताची भुकटी घालता येत नाही, अपवाद कोंबड्या, डुकरं, मासे.

अमेरिकेचं दूध-चीज आपल्याकडे येण्याचा वाद चालतो तोही याच मुळातून. ज्या गायीला रवंथी जनावरांचं रक्त किंवा अवयव कधीच खाऊ घातले नाहीत, तिचंच दूध, असं प्रमाणपत्र भारत मागतो. अमेरिका म्हणते याला शास्त्रीय आधार नाही. वर ताईंनी सांगितलेली सवलत, गायीचं रक्त गायीला, तिकडे अजून चालू आहे हे लक्षात घेतलं की भारताची अट का आहे ते समजतं. पशुखाद्याचा एक नियम ढिला ठेवल्यामुळेही अमेरिकेला जगातली सगळ्यात मोठी दुधाची बाजारपेठ अडते आहे.

कासेगावकर

डॉक्टर, मग आमचं पोतं ठीक आहे असं समजू?

गोठाडॉक्टर

बीएसईच्या बाबतीत निश्चिंत राहा. तुमची काळजी वेगळी आहे, बुरशी. ओल्या हंगामात मक्याला आणि सरकी पेंडीला बुरशी लागली, की अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि त्याचा अंश दुधात उतरतो. आपल्याकडे दुधातली मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे. युरोपात तिचा दहावा हिस्सा. उद्या आपला कुठला दूधसंघ युरोपला चीज पाठवायचं म्हणाला, तर कसोटी तुमच्या पेंडीच्या पोत्याची होणार. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) आयएस २०५२ मानकात खाद्यातल्या अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅम आहे. २०१९ च्या शेवटी एफएसएसएआयनं व्यापारी पशुखाद्याला हे मानक पाळणं बंधनकारक करायचा आदेश काढला, पण मुदत वाढतच गेली. ओसाकाहून यांनी सांगितलेली सूचनेची गोष्ट इथे आठवावी.

पोतं घेताना त्यावर आयएसआयची खूण, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख बघा. पोतं जमिनीवर ठेवू नका, फळीवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब. मूठभर पेंड हातात घेऊन वास घ्या. कुबट वास आला, गोळ्या एकमेकींना चिकटल्या असतील, तर परत करा. वास नसला म्हणजे विष नाही असं मात्र नाही, शंका आली तर नमुना तपासून घ्या.

बर्फाळवाट

डॉक्टर, एक भर घालते. नमुना एकाच पोत्याच्या वरच्या तोंडाचा घेऊ नका. बुरशी सगळीकडे सारखी नसते, एका कोपऱ्यात भरपूर आणि बाकी पोतं स्वच्छ असं होतं. आम्ही ट्रकमध्ये लांब पोकळ नळी वरून तळापर्यंत खुपसून वेगवेगळ्या जागांहून दाणे काढतो, सगळे एकत्र कालवतो आणि मग त्यातला किलोभर प्रयोगशाळेला पाठवतो. तुमच्या सोसायटीत एका खेपेला पाच-सहा पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून घेतलं तरी चालेल. आणि तेवढाच नमुना चिठ्ठी लावून आपल्याकडे ठेवा, कोरड्या डब्यात. कारखान्यानं उद्या हात झटकले, तर दाखवायला तो लागतो.

कासेगावकर

ठेवतो. आमच्या सोसायटीत अठ्ठावीस जण एकाच दुकानातून पेंड उचलतात. येत्या सभेत विषय काढतो, नमुन्याचा खर्च वाटून घेतला तर कुणालाच जड जाणार नाही. डॉक्टर, तपासणी कुठे करून मिळेल ते मला व्यक्तिगत निरोपात कळवा.